इंगवल्यांची मोकळी न्हाणी

आकारामराव इंगवल्यांच्या न्हाणीत शिरायचं तर माणसाला आधी मनाशी ठरवून शिरावं लागे. पूर्वेला तोंड करून आत गेलं की अंघोळ पूर्वेला तोंड करूनच उरकायची. मध्येच मत बदललं तर बाहेर येऊन पुन्हा नव्यानं आत जायचं, कारण आत वळायची सोय नव्हती. एका कोपऱ्यात तांब्याचा बंब. त्याला पाठ लागली की चटका, आणि चटका चुकवायला पुढं सरकलं की नळ बरगडीत. डोक्यावर तांब्या उपडा करायला गेलं की कोपर भिंतीला आपटे. त्यामुळं त्या घरातली माणसं डोक्यावर पाणी ओतत नसत, खांद्यावरून मागं फेकत. पाणी पाठीवर पडलं तर पडलं.

आता हेच आकारामराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. धरणांचे दरवाजे, कालव्यांची आवर्तनं, बंधाऱ्यांच्या फळ्या, सगळी कागदं त्यांच्या टेबलावरून पुढं जात. अर्ध्या जिल्ह्याला पाणी पाजणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरी तांब्याभर पाणी धड अंगावर घेता येऊ नये, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागत असे. पण ती ते बोलून दाखवत नसत. त्यांची दोन्ही मुलं तालमीच्या हौदावर अंघोळ करून येत, आणि बायको हौसाबाई लग्न होऊन आल्यापासून रोज बोलत होती. पण रोजचं बोलणं नळाच्या आवाजासारखं असतं, ते चालू असलं तरी ऐकू येत नाही.

ऐकू आलं ते आईचं.

आकारामरावांची आई धोंडुबाई मलकापूरच्या पलीकडं गावाकडं एकटी राहत होती. तिची अंघोळ परसात, कारवीच्या कुडाआड, आभाळाखाली एका मोठ्या सपाट दगडावर. त्या साली पावसाळ्याच्या तोंडाला ती त्याच दगडावरून घसरली आणि तिचा डावा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी सांगितलं, आता म्हातारीला एकटं ठेवू नका. आकारामरावांनी तिला यष्टीत घालून कोल्हापूरला आणलं, शुक्रवार पेठेतल्या घरात पुढच्या खोलीत तिची कॉट घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडुबाई न्हाणीत गेली, एक अंघोळ केली, बाहेर आली आणि आपल्या बोचक्यावर जाऊन बसली.

"आका, मला मलकापूरच्या यष्टीत बसवून दे."

"का गं आई? काय झालं?"

"तिरडीला सुदीक हिच्यापरास जास्त जागा लागती. मी जित्ती हाय अजून."

"अगं, पन गुडघा..."

"गुडघा माजा हाय. मी बघतो त्याचं काय करायचं ते. तुजी न्हानी मोकळी कर, मग सांगावा धाड. मग येतो मी. तवर न्हाय."

आणि ती गेली. लंगडत गेली, पण गेली. बसच्या खिडकीतून तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. आकारामराव स्टँडवरून घरी आले ते थेट न्हाणीसमोर जाऊन उभे राहिले. हौसाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सांगून सांगून माजं तोंड दुखलं, ते ऐकू आलं न्हाय. आईनं एकदा सांगितलं की लगीच बांधकाम खातं उगडलं व्हय?"

बांधकाम खातं उघडायला अडचण अशी होती की न्हाणीच्या एका बाजूला जिना होता, दुसऱ्या बाजूला देव्हारा, तिसरीकडं दार आणि चौथ्या बाजूला मीरासाब. मीरासाब म्हणजे मागच्या गल्लीतले शेजारी. तसबिरींना चौकटी करायचं आणि आरसे बसवायचं त्यांचं दुकान होतं. पूर्वी कधी तरी ही दोन्ही घरं एकाच मालकाची होती आणि त्या भल्या माणसानं दोन न्हाण्या पाठीला पाठ लावून बांधल्या होत्या. वर छप्पर एकच, मध्ये माती-विटांची एक भिंत. मीरासाबांची न्हाणी तंतोतंत एवढीच. सकाळी ते पलीकडं खोकले की इकडून आकारामराव म्हणत, "मीरासाबभाई, काढा घ्या," आणि पलीकडून उत्तर येई, "घेतलाय, भाऊ." इतका घरोबा होता. अशा भिंतीला हात लावायचा विचारसुद्धा कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं.

बातमी पेठेत पसरली. कोल्हापुरात सल्ला मागायला कुठं जावं लागत नाही, नुसतं दारात उभं राहावं लागतं. एक म्हणाला, बंब काढा. दुसरा म्हणाला, बंब ठेवा, दार काढा. तिसरा म्हणाला, भिंती आतून तासून घ्या, चार बाजूंनी बोट बोट जागा निघेल. आणि एकानं तर न्हाणी वाढत नसेल तर घरातली माणसं कमी करा असं सुचवलं. "कमी" म्हणताना तो आकारामरावांच्या पोटाकडं बघत होता, म्हणून आकारामरावांनी त्याच्याशी कायमचं बोलणं सोडलं.

ज्यांचा सल्ला घ्यावा असं त्यांना वाटलं ते होते जोतीराम मास्तर. मास्तर समोरच्या घरात राहत. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून ते रिटायर झाले होते आणि आता त्यांना समोर मुलं नसल्यामुळं मोठी माणसं चालत. ते न्हाणीच्या उंबऱ्यात उभे राहिले. एक डोळा मिटला, अंगठा पुढं धरला.

"आकाराम, मर्दा, जागा वाढवायची नसती. लांबवायची असती. नजरेला."

"म्हंजे?"

"म्हंजे समोरच्या भिंतीवर असं चित्र काढायचं की नजर लांब जाईल. नजर लांब गेली की जीव मोकळा होतो. रंकाळ्यावर तुला का बरं वाटतं? तिथं काय तुझं शेत हाय? नजर लांब जाती म्हणून!"

हे आकारामरावांना पटलं. मास्तरांनी समोरच्या भिंतीवर, म्हणजे मीरासाबांकडच्या भिंतीवर, तैलरंगात अख्खा रंकाळा काढला. खरोखर सुरेख काढला. निळं पाणी, पलीकडं झाडी, वर आभाळ, आणि अलीकडं दगडी कठड्यावर बसलेला एक फेटेवाला माणूस. रंग वाळेपर्यंत सगळं घर शेजाऱ्यांकडं अंघोळीला जात होतं. मग एके दिवशी पहिल्या अंघोळीचा मान हौसाबाईला मिळाला. ती आत गेली आणि तशीच बाहेर आली.

"अवो, त्या बाप्याला आधी उठवा तितनं."

"कुठल्या?"

"त्यो कठड्यावर बसलाय त्यो. माज्याकडंच बगतोय."

आकारामराव मास्तरांकडं गेले. मास्तर दुखावले. त्यांचं म्हणणं, माणूस काढला तर चित्रातली खोलीच जाते. शेवटी तडजोड म्हणून त्यांनी तो माणूस पाठमोरा केला. हौसाबाई पुन्हा आत गेली, पुन्हा बाहेर आली.

"आता काय? आता तर त्याची पाठ हाय!"

"पाठ हाय म्हणून काय झालं? कवा वळंल त्याचा नेम हाय का?"

मास्तर त्या दिवसापासून इंगवल्यांच्या दारावरून जाताना मान दुसरीकडं करू लागले.

तो माणूस झाकायला काही तरी हवं होतं. म्हणून मीरासाब कामाला आले. त्यांनी अंगठा वगैरे पुढं धरला नाही. ते म्हणाले, "भाऊ, आरसा लावा. आरशात समोरची भिंत लांब दिसती, म्हंजे न्हानी दुप्पट. आनि त्यो मानूस बी झाकला जाईल. माज्याकडं एक आरसा पडून हाय, बंद पडलेल्या सलूनचा. पुरुषभर उंच हाय. घेऊन जावा, शेजारी म्हणून."

आरसा खरंच पुरुषभर होता. त्याची शिसवी चौकटच इतकी जड होती की तो चौघांनी आणला. तो बसवायला गुंडू गवंडी आला. या गुंडूला आयुष्यात एकदाही कसली शंका आली नव्हती. त्यानं भिंतीवर थाप मारली, आतून भसाभसा माती गळाल्याचा आवाज आला, तरी तो म्हणाला, "भक्कम हाय! असलं भित्ताड आता कोन बांधतंय?" साधे खिळे धरेनात तेव्हा त्यानं लोखंडी कांबी आणल्या आणि त्या घणानं ठोकून भिंतीच्या पार पलीकडं काढल्या. त्या मीरासाबांच्या न्हाणीत ओळीनं बाहेर आल्या. मीरासाबांची बायको खतिजा हिला वाटलं की शेजाऱ्यांनी मेहरबानी करून आपल्यालाही कपडे अडकवायची सोय करून दिली. तिनं त्याच सकाळी त्यावर टॉवेल टाकले.

आरसा बसला. न्हाणी दुप्पट झाली यात शंका नव्हती, पण माणसंही दुप्पट झाली. आकारामराव पहिल्या दिवशी दार उघडून आत गेले आणि समोरून एक पंचा नेसलेला, सुटलेल्या पोटाचा, वयस्कर गृहस्थ आपल्याच अंगावर येतोय असं बघून "माफ करा" म्हणून मागं सरले. मग त्यांनी त्याला ओळखलं. ही ओळख त्यांना फारशी आवडली नाही. पण पाणी तापलं की आरशावर वाफ धरे आणि तो गृहस्थ दिसेनासा होई, एवढं समाधान होतं. हौसाबाईनं तर जाहीरच केलं, "बरं हाय आता. कोन बगत न्हाय, मीच मला बगतोय."

आकारामराव आनंदून गेले. त्याच भरात त्यांनी मलकापूरच्या बसच्या कंडक्टरकडून, जो त्यांच्याच गावचा होता, आईला सांगावा धाडला: न्हाणी मोकळी झाली, निघून ये.

सांगावा गेला आणि भिंतीनं कुरकुर सुरू केली. आधी आरशाचं वरचं टोक पुढं झुकलं. गुंडूला बोलावलं. तो म्हणाला, "काय न्हाय, भित्ताड जरा इसावा मागतंय. आरसा दोन दिस खाली घ्या, मी फळी घालून परत बशिवतो." आरसा उतरवून बोळात उभा केला. त्यावर बोळातून जाणारा जो तो भांग पाडू लागला. कांबी मात्र भिंतीतच होत्या, आणि मीरासाबांच्या बाजूनं त्यांच्यावर आता टॉवेलांबरोबर धुतलेल्या जाड गोधड्याही आल्या होत्या.

सकाळची वेळ. आकारामराव अंगाला साबण लावून, डोळे मिटून बसले होते. पलीकडं मीरासाबही अंघोळीला बसले होते. तोंडावर साबण असल्यामुळं आज खोकला नव्हता. तेवढ्यात "भस्स" असा एक लांब, थकलेला आवाज आला. ती भिंत पडली असं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. ती बसली. एखादी म्हातारी बाई चालून चालून दमल्यावर हाशहुश करत खाली बसते, तशी ती ओल्या मातीची भिंत जागच्या जागी खाली बसली. छप्पर दोन्हीकडच्या बाहेरच्या भिंतींवर होतं, ते वरच राहिलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

आकारामरावांनी डोळ्यांवरचा साबण पुसला. समोर मातीच्या ढिगापलीकडं, अंगभर फेस लावलेले मीरासाब पाटावर बसले होते. दोघंही पंचे नेसलेले होते, ही देवाची कृपा.

"सलाम, आकारामभाऊ," मीरासाब म्हणाले.

"नमस्कार, मीरासाबभाई."

"भिंत गेली वाटतं."

"व्हय की."

"तुमच्या बादलीत माती पडली."

"पडली."

मीरासाबांनी आपली अर्धी बादली ढिगावरून पुढं सरकवली. आकारामरावांनी साबण धुतला, बादली परत दिली. इथपर्यंत दोघंही अतिशय सभ्यपणे वागले. पण अंगात कपडे आले की माणसाच्या अंगात आणखी बरंच काही येतं. दुपारी बोळात उभं राहून आकारामराव म्हणाले की गोधड्यांनी भिंत ओढली. मीरासाब म्हणाले, गोधड्या नंतरच्या, आधी कांबी कुणी घातल्या? आकारामराव म्हणाले, आरसा कुणी दिला? मीरासाब म्हणाले, आरसा मी दिला, पण भिंत माझी होती. आकारामराव म्हणाले, तुमची कशी? भिंत माझी होती! गल्लीतले लोक दोन्ही बाजूंनी जमले. ज्या भिंतीकडं आजवर कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, तिचे मेल्यावर दोन मालक निघाले. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. मध्ये एक ताडपत्री बांधली गेली. पलीकडून मीरासाब खोकले तरी इकडून काढ्याचं नाव निघेना. आकारामराव सकाळी ओठ आवळून अंगावर पाणी घेत आणि तो खोकला ऐकत. तो आता जास्तच झालाय असं त्यांना वाटे. पण सांगणार कसं?

भिंत बांधायला परवाना हवा होता. आकारामराव रजा टाकून म्युनिसिपालटीच्या कचेरीत गेले. त्यांच्या निम्म्या वयाच्या एका क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, "बसा बाहेर. बोलावू." हे वाक्य आकारामराव स्वतः रोज म्हणत असत, पण ते बाकावरून कसं ऐकू येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुपार कलल्यावर त्यांचा नंबर आला.

"भिंत बांधायची की पाडायची?"

"बांधायची."

"तिथं आधी काय होतं?"

"भिंत."

"मग ती पाडल्याचा परवाना कुठाय?"

"पाडली न्हाय. पडली."

"कुणी पाडली?"

"कुनी न्हाय हो. आपली आपण बसली."

क्लार्कनं पहिल्यांदा वर बघितलं. "आपली आपण बसलेल्या भिंतीला रकाना नाही. ओव्हरसियर साहेब येऊन बघतील."

ओव्हरसियर साहेब आले. टेप लावून ढीग मोजला, ताडपत्री वर करून इकडून तिकडं गेले, तिकडून इकडं आले आणि विचारलं, "ही भिंत कुणाची? परवान्याशिवाय पडली म्हणून खुलासा कोण देणार?"

"त्यांची," आकारामराव आणि मीरासाब एकदम म्हणाले, एकमेकांकडं बोट दाखवून. भांडण सुरू झाल्यापासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, पण त्याचा उपयोग झाला नाही. साहेब म्हणाले, दोघं एकत्र येऊन अर्ज द्या, मग बघू. एकत्र यायचं तर बोलावं लागणार. बोलणं बंद होतं. काम तिथंच थांबलं.

आणि धोंडुबाई आली.

सकाळच्या बसनं आली. हातात काठी, काखेत बोचकं. आकारामराव दारात दाढी करत होते. त्यांच्या अर्ध्या गालावर फेस तसाच राहिला. सांगावा परत घ्यायचं या गोंधळात त्यांच्या डोक्यातून पार निघून गेलं होतं.

"कुटं हाय ती मोकळी न्हानी?"

"आई, तू आधी च्या घे. दमलीस."

"च्या मागनं. धुरळ्यानं अंग माखलंय. पानी तापलंय का?"

पाणी तापलेलं होतं. हौसाबाईनं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं जमिनीकडं. म्हातारी काठी टेकत आत गेली आणि आतून कडी लागली. आकारामराव दाराला कान लावून उभे राहिले. आता कडी निघेल, म्हातारी बोचक्यावर बसेल, आणि ह्या खेपेला गेली की परत येणार नाही. त्या सुजल्या गुडघ्यानं ती पुन्हा त्या ओल्या दगडावर जाईल. आतून पाटावर बसल्याचा आवाज आला, मग एक लांब कण्हणं, आणि मग ताडपत्रीपलीकडून दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज.

"कोन हाय गं पल्याड? डावा का उजवा?"

"काय?"

"गुडघा. बसताना कन्हलीस, आयकलं मी."

"डावा. तू कोन?"

"मी बिबीजान. मीरासाबची आई. माजे दोन्ही गेल्यात."

"अगं बया! मग बसतीस कशी?"

"बसतो भिताडाला धरून. आता भिताड बी न्हाय."

मग धोंडुबाईचा आवाज आला.

"मग ही ताडपत्री कशापाय बांदलीया मधी? तू बी म्हातारी, मी बी म्हातारी. आपल्याला कोन बगाय येनार हाय?"

"काढ की मग. माजा हात पुरंना."

सर्रर्र करत ताडपत्री खाली आली. आतून तांब्यांचा, हसण्याचा, पाठी चोळल्याचा आवाज येऊ लागला. गावाकडच्या दगडावर शेजारची बयाबाई पाठ चोळायला यायची, ती दोन सालांमागं वारली, तवापास्नं पाठीला हात लागला न्हाय, असं धोंडुबाई सांगत होती. बिबीजान तिला सांगत होती, माजी सून चांगली हाय, पन आत दोघी मावत न्हाईत. मग तेलाची गोष्ट निघाली, मग सुनांची. तिथं आवाज एकदम बारीक झाला आणि हौसाबाईनं नवऱ्याला बाजूला सारून स्वतः दाराला कान लावला.

"आका, पानी!" आतून हाक आली. त्याच वेळी पलीकडच्या घरातही "मीरासाब, पानी!" अशी हाक गेलेली असणार, कारण थोड्या वेळानं मीरासाब बोळाला वळसा घालून धापा टाकत इंगवल्यांच्या दारात आले. लाकडाचा धूर डोळ्यांत गेल्यामुळं त्यांचे डोळे लाल होते.

"आकारामभाऊ, आत काय चाललंय?"

"तुमच्याकडं काय चाललंय?"

"तेच चाललंय."

मीरासाबांना खोकला आला.

"काढा घ्या," आकारामराव म्हणाले. त्यांच्या तोंडून ते आपसूकच निघालं. "लई झालाय खोकला तुमचा. मी रोज ऐकतोय."

खांद्यावरचा पंचा तोंडाला लावून मीरासाब तिथंच पायरीवर बसले, आणि आकारामराव अर्ध्या दाढीनिशी त्यांच्या शेजारी बसले.

धोंडुबाई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा न्हाऊन लालबुंद झाला होता, केस मोकळे होते. ती बोचक्याकडं गेली. आकारामराव उठून उभे राहिले. म्हातारीनं बोचकं उचललं, पुढच्या खोलीतल्या कॉटखाली सरकवलं आणि वर बसली.

"लई मोकळं वाटलं बग आका. न्हानी करावी तर अशी. आता च्या आन."

"आई, र्‍हातीस न्हवं?"

"र्‍हातो की. पन एक सांगतो. त्या दोन न्हाण्यांच्या मधी भित्ताड घालायचं नाव काडलंस तर उद्याची पैली गाडी धरतो मी. काय?"

"न्हाय घालत."

"आनि त्यो आरसा बोळातच र्‍हाऊ दे. उगं म्हातारपणी आपलंच थोबाड कशाला बगायचं?"

भिंत घालायची नाही हे ठरलं तरी कचेरीत खुलासा राहिलाच होता. आता दोघं एकत्र होते. आकारामरावांनी मीरासाबांना शेजारी बसवून स्वतःच्या हातानं असा काही अर्ज खरडला की पाटबंधारे खात्यातल्या उभ्या हयातीचं चीज झालं. सदरहू भिंत वयोमानपरत्वे स्वेच्छेने भूमिगत झाली असून तिची पुनर्स्थापना करण्याची उभय पक्षांची कोणतीही इच्छा नाही, असं त्यात म्हटलं होतं. मीरासाबांनी सही करण्याआधी ते वाक्य मोठ्यानं वाचायला लावलं, आणि मग पुन्हा एकदा वाचायला लावलं.

ओव्हरसियर साहेब पुन्हा पाहणीला आले. आकारामरावांनी अदबीनं दारातल्या बाकाकडं हात केला.

"बसा साहेब. आत दोघी म्हाताऱ्या हायत. झालं की बोलावू."

साहेब बसले. चहा झाला, पान झालं. आतून गप्पांचा आवाज येत होता तो काही थांबेना. ऊन बाकावर आलं तसे साहेब सावलीकडं सरकले. शेवटी दोघी दोन दारांनी बाहेर पडल्या आणि साहेबांना आत सोडलं. गुंडूनं ढीग उपसून खाली सलग दगडी फरशी घातली होती, दोन्ही भिंतींना पांढरा चुना मारला होता आणि छपरात मध्यावर काचेची चार कौलं बसवली होती. उजेड सरळ फरशीवर पडला होता. दोन टोकांना दोन बंब चिंचेनं घासून ठेवल्यासारखे चमकत होते. साहेबांनी मध्ये उभं राहून दोन्ही हात पसरले. बोटं कशालाच लागली नाहीत.

"इंगवले," साहेब म्हणाले, "आमच्या घरची न्हाणी ह्याच्या निम्मीसुद्धा नाही हो."

"शेजारी कोण हाय तुमच्या?" मीरासाबांनी आस्थेनं विचारलं.

साहेबांनी शेरा मारला: पाहणी केली, न्हाणी हवेशीर आहे. जाताना गुंडूचा पत्ता घेतला. गुंडूनं तोपर्यंत पेठेत सांगायला सुरुवात केली होती की भिंत आपणच मुद्दाम बसवली, नुसती पाडली असती तर आवाज झाला असता. जोतीराम मास्तरही एकदा डोकावून गेले. एक डोळा मिटून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "लांबली. नजर लांबली." लोक येऊन बघून जाऊ लागले. ज्यांनी बंब काढा म्हटलं होतं, दार काढा म्हटलं होतं, ते सगळे आता "आम्ही सांगितलंच होतं" म्हणत होते, आणि आकारामराव सगळ्यांना "व्हय, सांगितलंतं की" म्हणत होते. जिंकलेल्या माणसाला एवढं औदार्य परवडतं.

दोन्ही घरांनी वेळा ठरवून घेतल्या. पहाटे बाप्ये, उजाडलं की बायका. पण बायकांची पाळी कधी संपायची हे दोघी म्हाताऱ्यांच्या हातात होतं, आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. एका सकाळी आकारामरावांना उठायला उशीर झाला आणि त्यांची पाळी हुकली. न्हाणीतून हसण्याचा आवाज येत होता, मधूनच "आका, बंबात लाकूड सार" अशी हाक येत होती, आणि खांद्यावर पंचा टाकून हेडक्लार्क बोळात फेऱ्या मारत होते. हौसाबाईनं दोनदा दार वाजवलं. आतून उत्तर आलं, "अगं थांब की, आत्ताशी पाठ झाली."

त्या दिवशी ते आपल्या कचेरीत पोचले तेव्हा हजेरीपट साहेबांकडं आत गेलेला होता. मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"इंगवले, तुम्ही कधी उशीर करत नाही. काय झालं आज?"

आकारामरावांनी छाती पुढं काढली. सगळ्या सेक्शनला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"काय सांगायचं साहेब, आमच्या घरची न्हाणीच लई मोठी हाय. वेळ लागतो."